चप्पल घाल, मग हात लाव

आमच्या माहेरी कोणी मुक्कामाला आलं की आधी पाणी देतात, मग चहा, आणि मग घरातल्या यंत्रांचे स्वभाव समजावून सांगतात. फ्रिजचं दार हातानं लागत नाही, गुडघ्यानं दाबायचं. मिक्सरचं भांडं जरा डावीकडे रेटून धरायचं, तरच तो फिरतो. गीझर आधी बंद करायचा, मगच नळाला हात लावायचा. आणि कूलर? कूलरला पायात चप्पल घातल्याशिवाय शिवायचंच नाही. त्यासाठी रबरी स्लीपरचा एक जोड खिडकीखाली कायमचा ठेवलेला असतो, कोणाच्याही पायाला होईल असा मोठा. माझा धाकटा भाऊ हे सगळं इतक्या कौतुकानं सांगतो, की वाटावं घरातल्या खोडकर लेकरांची ओळख करून देऊन राहिला.

माझं डोकं तिथंच फिरतं. अरे, दुरुस्त कर न बाप्पा! स्वभाव कायचे सांगतो?

"चालून तर राहिला न, ताई," तो म्हणतो. "बंद पडला की पाहू."

बंद पडला की पाहू. हे वाक्य आमच्या घराण्याच्या दारावर पाटी करून लावायला हरकत नाही. आणि हाच माणूस दर रविवारी स्वतःची कार स्वतःच्या हातानं धुतो. तिची सर्व्हिसिंग एक दिवस पुढं-मागं होऊ देत नाही. दाराला एक ओरखडा आला होता तर दोन वेळा नीट जेवला नाही. म्हणजे देखभाल कशी करतात हे त्याला कळत नाही असं नाही. कार रस्त्यावर चार लोकांना दिसते. कूलर खिडकीमागं असतो, तिथं कोण पाहायला येतं?

मी राहते नागपूरच्या वेशीवरच्या वाडीला. आमच्याकडे ट्रकांचा राबता. अमरावती रोडवरचा साधा ड्रायव्हरसुद्धा निघण्याआधी टायर ठोकून पाहतो, ऑइल पाहतो, मग देवाला उदबत्ती दाखवतो. आधी उदबत्ती आणि टायर राम भरोसे, असं करत नाही. कारण गाडी कुठं बंद पडेल ते त्याला ठाऊक नसतं, पण बंद पडली तर काय होईल ते पक्कं ठाऊक असतं. घरात मात्र आपण सगळे राम भरोसे.

तर मी सांगणार होते माझ्या आईची गोष्ट.

आई ऐंशीच्या घरातली. भावाकडेच राहते. भावजय वारली, तेव्हापासून घर तिच्याच जिवावर उभं आहे. आईचा एक मोठा अभिमान आहे, तो म्हणजे लेकरांना न्हाऊ घालणं. खापा गावच्या तिच्या माहेरातली, सासरची, शेजारपाजारची किती लेकरं तिच्या पायांवर न्हाऊन निघाली त्याचा हिशेब तिलाही सांगता येणार नाही. माझी दोन्ही लेकरं तिनंच न्हाऊ घातली, भावाचा मुलगाही. पाय लांब करून बसायचं, लेकराला नडग्यांवर पालथं घालायचं, कोमट तेल हाताला लावून मानेपासून टाचेपर्यंत असं रगडायचं की लेकरू आधी किंचाळतं आणि मग न्हाऊन झाल्यावर तीन-तीन तास गाढ झोपतं.

गेल्या हिवाळ्यात भावाची सून बाळंत होऊन माहेराहून आली; तिचा नवरा नोकरीपायी बाहेरगावी असतो. मुलगी झाली होती. आईची पणती. घरात इतक्या वर्षांनी लेकरू आलेलं, आई तर जशी दहा वर्षांनी लहान झाली. सकाळी उठून पाणी तापवायची, तेल कोमट करायची, अन् सुनेला हाक मारायची, "आण वं पोट्टीले, ऊन आलं!" मला फोनवर सांगायची, "माहे हात चालतात न, तोवर मी आहो. हात बसले की मंग मले जाळा." असली बोलते ती. मी रागावायची, ती हसायची.

मग होळी झाली. नागपुरात होळी झाली म्हणजे कूलर निघतात. गच्चीवरून, माळ्यावरून, अंगणातून, जिथं टाकले असतील तिथून. जी माणसं पद्धतशीर असतात ती टाकी खरवडतात, पंप तपासतात, खस-वाळ्याच्या ताट्या नव्या लावतात, वायर पाहतात. आमच्या भावानं काय केलं? गच्चीवर ताडपत्रीखाली पडलेला लोखंडी कूलर दोन माणसांकडून खाली आणवला, आईच्या खोलीच्या खिडकीबाहेरच्या स्टँडवर ठेवला, तारेनं खिडकीच्या गजांना आवळून बांधला आणि पाणी भरलं. मागच्या वर्षीचाच पंप, मागच्या वर्षीच्याच ताट्या. "अजून एक सीझन निघते." झालं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आईचा फोन आला. "हाताले झिणझिण्या येऊन राहिल्या वं."

आईला जुनी शुगर आहे. त्यामुळे सगळ्यांनी लगेच ठरवलं, शुगरचं आहे. शुगरनं नसा खराब होतात, हे आता लहान लेकरांनाही माहीत झालंय. भाऊ तिला धंतोलीत नसांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. यात मात्र त्यानं काही कसूर केली नाही, खरं तेच सांगते. सुट्टी टाकली, तिथल्या गर्दीत दिवसभर बसला, आईच्या हाताला तारा लावून तपासणी करवून घेतली. तपासणीत फारसं काही निघालं नाही. डॉक्टरांनी वय आणि शुगर पाहून गोळ्या दिल्या. त्यांचा काय दोष? झिणझिण्या कुठं बसल्यावर येतात, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आईलाही ते सुचलं नव्हतं.

गोळ्या चालू झाल्या, झिणझिण्या काही जाईनात. आणि आईनं बाळाला घेणं बंद केलं.

घरात तिनं एवढंच सांगितलं, "आता माह्यानं होत नाही." मला मात्र फोनवर हळू आवाजात म्हणाली, "उठता-उठता हात असा सुन्न पडते की मले माहाच वाटत नाही. पाणी घालता-घालता पोट्टी सुटली हातातून मंग? तुले माही शपथ आहे, कोणाले सांगू नको. म्हणतील, बुढीचे हातही गेले."

मी नाही सांगितलं. शपथ घातली होती न.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ जाळणारे दिवस, लागला तेव्हा मी आठ दिवस राहायला म्हणून गेले. नवतप्यातलं नागपूर ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. आम्ही सगळे दारं-खिडक्या लावून कूलरच्या आवाजात पडून असतो. चपला दाराशी काढून मी आईच्या खोलीत गेले. तिच्या खोलीतच देवघर आहे, त्यामुळे ती तिथं जन्मात चप्पल घालत नाही. ऐंशी वर्षांची बाई देवासमोर स्लीपर घालून फिरणार का? पलंग खिडकीला लागून. खिडकीला लोखंडी गज. गजांना बांधलेला कूलर. कूलरमधून पाणी ठिबकून खोलीत येतं म्हणून खाली पोतं अंथरलेलं, आणि ते पोतं दिवसभर ओलंकच्च.

दुपारी आम्ही दोघी लेटलो होतो. सुनेनं चहाला हाक मारली. उठायचं म्हणून मी पाय खाली सोडले, पोत्यावर टेकवले आणि आधारासाठी गज धरला.

झण्णकन झटका कोपरापर्यंत गेला!

मी परत पलंगावर बसले. मग बोटांची मागची बाजू हळूच गजाला लावून पाहिली. तेच. अंगात मुंग्या धावल्यासारखं. मी आईकडे पाहिलं.

"आई, तुले असंच होते का? उठताना?"

"हाव. उठतानाच जास्त होते."

"स्वयंपाकघरात होते?"

"नाही."

"देवळात गेली तर?"

"नाही वं. तिथं काहून होईन?"

"अन् लाइन गेल्यावर?"

आई विचारात पडली. "लाइन गेल्यावर तर बरं वाटते. मले वाटलं, आवाज बंद होते म्हणून बरं वाटते."

अरे देवा! मी स्लीपर घातली, बटण बंद केलं आणि प्लग उपटून हातात घेतला. तीन पिनांचा प्लग, आणि त्याला दोनच पिना. वरची जाड पिन, जिच्यामुळे कूलरच्या पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत निघून जातो, ती मुळापासून कापलेली. अंगणातून पाहिलं तर पंपाची वायरही तडकलेली, पांढऱ्या क्षारात पडून पडून तिचं वरचं रबर सोललेलं. म्हणजे करंट पत्र्यात, पत्र्यातून तारेत, तारेतून गजात, आणि गजातून माझ्या आईच्या हातात. दिवसातून जितक्या वेळा ती उठत होती तितक्या वेळा.

मी भावाला अशी हाक मारली की शेजारीण गॅलरीत आली.

"वरची पिन कुठं आहे?"

"अवं, ते बोर्डात जात नव्हती," तो आरामात म्हणाला. "मीच कापली. पक्कडनं." वरून चेहऱ्यावर कर्तबगारी!

मी त्याला सगळं सांगितलं. गज, पोतं, आईचा हात, धंतोली. मला वाटलं होतं तो हादरेल, डोक्याला हात लावेल. तो हसला. खोटं नाही सांगत, हसला! "ताई, लोखंडी कूलर थोडा तर मारतेच. नागपुरात कोणाचा नाही मारत?" आणि मग त्यानं काय करावं? खिडकीखालचा स्लीपरचा जोड उचलला आणि आईच्या पलंगाशी आणून ठेवला. "आई, आता पाय खाली टाकला की आधी हे घालत जा. बस, झालं."

त्यानंतर मी काय-काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. पण एवढं बोलले ते आठवतं, "बोर्डात पिन बसत नाही म्हणून पिन कापली. आता आईले काय कापतो?" अरे, ज्या बाईनं तुला पायांवर घालून न्हाऊ घातलं, तिच्या उशाशी तू जिवंत वायर बांधली, आणि उपाय काय तर स्लीपर! दर उन्हाळ्यात पेपरमध्ये वाचतो न आपण, अमक्या वस्तीत बाई कूलरला चिकटली, तमक्याचं पोरगं पाणी भरताना गेलं. वाचतो, "अरेरे" म्हणतो, पेपर घडी करून ठेवतो आणि स्लीपर घालून कूलरमध्ये पाणी भरायला जातो. आणि याला काय म्हणायचं? तर म्हणे ॲडजस्ट करणं. माझ्या मते याला मस्ती म्हणतात.

मी जाहीर केलं, वायरिंग दुरुस्त झाल्याशिवाय हा कूलर लागणार नाही.

आता नवतप्यात इलेक्ट्रिशियन मिळवून दाखवा! ज्याला फोन करावा तो म्हणतो, "कल देखते हैं, दीदी." त्यांचंही खरं आहे. सगळं शहर मार्चमध्ये झोपलेलं असतं आणि मेमध्ये एकदम ओरडत उठतं. घराला हवा देणारा कूलर तोच एक, त्यामुळे खोल्या तर भट्टी झालेल्या. मी आईला म्हटलं, चल माझ्याकडे वाडीला. ती म्हणाली, "पोट्टीले सोडून कशी येऊ?" घेत तर नव्हती तिला, पण दिवसभर नजर तिच्यावरच. मग मी आईला आतल्या खोलीत हलवलं, चादरी ओल्या करून टांगल्या, पंख्याखाली तिच्या अंगावर ओला पंचा टाकून बसले. भाऊ घरभर घाम पुसत फिरत होता आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहत होता, की जशी काही गर्मी मीच वाडीहून आणली.

बाळाच्या मानेवर घामोळ्या उठल्या. दुसऱ्या दिवशी सून माझ्यापाशी आली. बिचारी एरवी शब्द बोलत नाही. म्हणाली, "आत्या, लावू द्या न कूलर. आजी घालतील चप्पल. बाळाले सहन होऊन नाही राहिलं."

"अन् तुही पोरगी उद्या रांगायला लागली, तो गज धरून उभी राहिली, तर तिले कोणत्या मापाची स्लीपर घालशील?" मी म्हटलं.

ती खाली पाहत म्हणाली, "तसंही आजीच्या खोलीत कुठं जाते ती. आजी तर हातही नाही लावत तिले. मुलगा असता तर घेतलं असतं न, आत्या?"

ही पोरगी दोन-अडीच महिने हे मनात घेऊन या घरात स्वयंपाक करत होती! एका कापलेल्या पिनेपायी आई समजत होती आपले हात गेले, आणि सून समजत होती आपली मुलगी नकोशी झाली. मी आईची शपथ तिथल्या तिथं मोडली. सगळं सांगितलं. सून तोंडाला पदर लावून रडली. मग डोळे पुसून स्वतःच फोन घेऊन बसली आणि एकामागून एक इलेक्ट्रिशियनला फोन लावत सुटली. तिच्यात एवढा राग असेल हे मला माहीत नव्हतं, पण पाहून फार बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी एकजण आला. त्यानंही कूलरकडे पाहून पहिलं वाक्य तेच टाकलं, "लोहे का कूलर है, दीदी, थोडा करंट तो मारेगा ही." मी म्हटलं, "तुम्हारे घर में मारने दो. यहाँ नहीं मारना चाहिए." मग लागला कामाला. पंप नवा बसवला, वायर बदलली, तीन पिनांचा धड प्लग लावला. भिंतीतल्या बोर्डाला अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती, घर बांधल्यापासून. तीही जोडली. ताट्या बदलल्या, टाकी घासली, गजांना बांधलेली तार सोडून कूलर वेगळा केला. एवढा सगळा तमाशा, आणि काम किती? एका दुपारचं. हेच होळीला झालं असतं.

कूलर चालू करून मी अनवाणी पायानं ओल्या फरशीवर उभी राहिले आणि गज मुठीत धरला. काही नाही. पत्र्याला हात लावला. काही नाही. मग आईला आणलं. तिनं आधी एका हातानं गज धरला, मग दुसऱ्या हातानं, मग दोन्ही हातांनी.

"आई, तुहे हात चांगले आहेत. काही नाही झालं त्याइले."

तिनं हात उलटे-पालटे करून पाहिले. म्हणाली, "मंग ह्या गोळ्या कायच्या खाऊन राहिली मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं न सांगता पाणी तापवलं, तेल कोमट केलं, मोरीत पाट ठेवला आणि बाळाला घेऊन आली. आई पाय लांब करून बसली, नेहमीसारखी. तेलाचे हात पुढं केले आणि मध्येच थांबले. बाळ तिच्या नडग्यांवर हातपाय मारत होतं आणि आईचे हात हवेत.

"नोको वं," ती म्हणाली. "घे हिले. मले भेव वाटते."

"आई, हात बरे आहेत तुहे!"

"माहीत आहे. तरी वाटते."

भाऊ दारात उभा राहून पाहत होता. घर थंड झालं होतं, रात्री छान झोपला होता, त्यामुळे खुशीत होता. म्हणाला, "पाह्य ताई, झालं न सगळं ठीक? उगाच तीन दिवस घर डोक्यावर घेतलं तू."

माझं डोकं फिरलं होतं, पण मी ओरडले नाही. त्याला म्हटलं, "इकडे ये. बस खाली."

"मी?"

"हाव, तूच. बस इथं. आईच्या हाताखाली हात धर."

तो बसला, पँट ओली होत होती तरी बसला. आईनं बाळाच्या मानेखाली हात घातला आणि भावानं आईच्या हाताखाली आपले दोन्ही तळवे धरले. सून वरून पाणी घालायला लागली. बाळ किंचाळलं, तशी आई दचकली आणि तिनं भावाकडे पाहिलं.

"घट्ट धर गा," ती म्हणाली. "माह्या हाताचा आता भरवसा नाही."

भाऊ माझ्याकडे पाहायला लागला. आईचे हात जराही थरथरत नव्हते. काहीही झालेलं नव्हतं त्या हातांना.